ओव्हनच्या बटणावरचं कुंकू

शेजारच्या अक्कांनी मला वाचवलं, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे शहाणी वाटले, तरी कुणाचा गैरसमज व्हायला नको.

अक्का सोलापूरच्याच. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. उभा जन्म त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काढला. मी चंद्रपूरकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवऱ्याला चिंचोळी एमआयडीसीत काम लागलं म्हणून इकडे आले. माहेर इतकं लांब की इथे कुणाला नाराज करायची माझी हिंमत होत नाही. रिक्षात बसतानासुद्धा मी आधी ‘बसू ना?’ असं विचारते.

आमच्या गल्लीतल्या काकूंच्या घरगुती बेकरीत मी कामाला आहे. दिवाळीच्या आधी लोक आपापलं पीठ, तूप, साखर मळून आणतात आणि आम्ही त्याची नानकटाई भाजून देतो. भाजायला एक जुना विजेचा ओव्हन आहे, बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला. त्याला तीन गोल बटणं, त्यावरची अक्षरं इंग्रजी आणि निम्मी पुसलेली. दोन बटणं वापरायची मला काकूंनी शिकवली होती. तिसऱ्याचा विषय कधी निघाला नाही आणि मीही काढला नाही.

खंडेनवमीला काकू म्हणाल्या, “ओव्हनची पूजा तू कर गं यंदा.” मला फार बरं वाटलं. ओल्या फडक्याने मी तो लख्ख पुसला, झेंडूचा हार घातला, हळदीकुंकवाची बोटं लावली. दसरा झाल्यावर काकू भावाकडे अक्कलकोटला गेल्या आणि जाताना पहिल्यांदाच बेकरीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या आधीच्या बाईने मिक्सर जाळला होता. ती आता इथे नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का डबाभर मळलेलं पीठ घेऊन आल्या. लेकीच्या सासरी पाठवायची नानकटाई. नवमीच्या पूजेनंतर पहिल्यांदाच मी ओव्हन लावला. आतला दिवा लागला. अर्ध्या तासाने दार उघडून हात घातला, तर आत कपाटात असतो तेवढाच उबारा. बंद करून परत लावला. मेनस्विच पाडून वर केला. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “थोडी वाट पाहा.” वाट पाहिली. मग इलेक्ट्रिशियनला स्पीकरवर फोन लावला.

“कॉइल गेली असंल की,” तो म्हणाला. “परवा येतो. पाणी लागलंय का त्याला? ओला फडका वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मी तिथेच पाटावर बसले. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

“फडका ओला होता ना?”

“हो. नवमीला पूजेआधी मीच पुसला.”

“मग रडायचं नंतर. लूम बंद पडला की आम्ही आधी काय विचारायचो? शेवटचा हात कुणाचा लागला आणि त्या हातानं काय केलं. चल, पूजा कर.”

“आता?”

“आता. नवमीला केली तश्शी. काही सोडू नको.”

मी आधी स्विच पाडला. मग कोरडा फडका घेऊन पुसायचं सोंग केलं. नसलेला हार घातला. अक्का स्टुलावर बसून बघत होत्या, मध्येच म्हणाल्या, “नमस्कार राहिला.” तो केला. मग कुंकू. पहिल्या दोन बटणांवर बोट टेकवलं. तिसरं जरा सैल, बोट लावताना हलत होतं, म्हणून मी ते डाव्या हाताने गच्च धरलं. धरताना ते फिरलं.

“हां,” अक्का म्हणाल्या. “हे फिरलं. त्या दिवशीपण फिरलं असणार.”

बटणाच्या बाजूला पत्र्यावर माझंच कुंकू वाळून बसलं होतं. अक्कांनी ते पदराने पुसलं. खाली हाताच्या पंजाचं छोटं चित्र निघालं. बाकी सगळे आकडे, चित्र एवढंच. मग अक्कांनी बटणाची खूण त्या पंजाशी नेली आणि स्विच वर केला. थोड्या वेळाने जळक्या धुळीचा वास आला, कॉइल लाल झाली. ते वेळ लावायचं बटण होतं. शून्यावर गेलं की दिवा लागतो, पण ओव्हन तापत नाही. पंजावर ठेवलं की आपण बंद करेपर्यंत तापतो.

अक्कांची नानकटाई चांगली झाली. मी काकूंना काही कळवलं नाही. इलेक्ट्रिशियनला येऊ नको म्हणायचं मात्र विसरले. तो आला तेव्हा काकू परतल्या होत्या आणि अक्का आमचे ट्रे परत द्यायला आल्या होत्या.

“तापत नाही म्हणाला होता की तुमी,” तो म्हणाला.

काकू माझ्याकडे वळल्या. “काय झालतं गं ओव्हनला?”

मी कोरडा फडका उचलला आणि ओव्हनचं दार पुसायला लागले.

“माझा हात लागला,” अक्का म्हणाल्या. “बटण फिरलं. ती बिचारी घाबरून गेली.”

गिऱ्हाइकाला काकू काय बोलणार? “असू द्या हो अक्का,” म्हणाल्या आणि इलेक्ट्रिशियनला चहा दिला. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

काकूंना खरं काय ते मी सांगणार आहे. अजून सांगितलेलं नाही. आणि अक्कांच्या हातून कधी कुठे काही बिघडलं, तर तो हात माझा होता असं मी सगळ्यांसमोर म्हणणार, हे नक्की. अक्का फार जपून काम करतात, त्यामुळे वेळ लागेल. मी थांबेन.