अमेरिकेतल्या बाईची ओटी

सकाळी मी ऑफिसचं कुलूप उघडायच्या आत यमुनाअक्का दारात हजर. "भाऊ, ती बाई काल बजारमा गयी का?"

ती बाई म्हणजे अख्खी अमेरिका. आमच्या जळगावच्या कारखान्यात प्लास्टिकच्या चटया विणतात, तिकडचे लोक त्या अंगणात अंथरतात. अक्का चटयांच्या कडा शिवायच्या. एवढी गिऱ्हाइकं डोक्यात मावेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची मिळून एकच बाई करून टाकली होती. परदेशी मेल मी वाचायचो, तेव्हा तिची खुशाली सांगणंही माझ्याकडेच आलं.

एक मोसम झाला की ती चटई फेकून नवी आणते, हे ऐकून अक्कांनी कपाळाला हात लावला. "माय वं! धुईसन वापरता येत नही का तिले?" मग दोरा तोडता तोडता स्वतःच हसल्या. "नको धुऊ, माय. तू फेक, मी शिवस."

गेल्या वर्षी मेलांचा सूर पालटला. तिकडे महागाई वाढलेली, नोकरी टिकते की जाते ही धास्ती. लोक किराणा सोडून कशाला हात लावेनात. ऑर्डरी थांबत गेल्या. शेठजींनी सांगून टाकलं, हातातली ऑर्डर नीट पोचली तर ठीक, नाहीतर शिलाई खातं बंद. अक्का जेवणाचा डबा भरलेला तसाच घरी न्यायला लागल्या. मीही आतून हादरलोच होतो. मेलच नसतील तर वाचणारा कशाला हवा?

"तिन्हंबी काम गयं व्हई का, भाऊ?" त्या विचारायच्या. "आपलं पोट तिन्हा हातमा शे, न तीच घाबरी गयी."

माल भरून ट्रक धुळ्याच्या रस्त्याला लागला. त्या दुपारी अक्का चक्क डबा उघडून बसल्या. मी चिडवलं, "आज बरी भूक लागली!"

"आते भ्या नही," त्या हळूच म्हणाल्या. "बाईनी ओटी भरी दिधी मी."

चटयांच्या प्रत्येक गुंडाळीत त्यांनी मूठभर तांदूळ आणि एक हळकुंड सारलं होतं.

धान्याचा दाणा सापडला तर किडीच्या भीतीने तिकडच्या बंदरात सगळा माल अडकणार, हे मला ठाऊक होतं. मी धावत जाऊन शेठजींना सांगितलं. ट्रक पारोळ्याजवळ थांबवला आणि आम्ही जीपने मागे धावलो. रस्त्याकडेला ताडपत्री पसरून एकेक गुंडाळी सोडली. अक्का गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचून पदरात टाकत होत्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

माल पोचला. शिलाई खातं वाचलं. अक्कांना मात्र शेठजींनी दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं, आणि कोणी ब्र काढला नाही. ज्याला त्याला आपल्या जागेची भीती.

मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. राग, कीव, सगळंच दाटून आलं होतं. "अक्का, कशाला केलंत हे?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "धुळ्याले मना नवरानं गिरणीमातलं काम गयं, तवय माले कोणी 'घाबरू नको' म्हनं नही, भाऊ. तिले तरी कोणी म्हनाले जोयजे ना?"