कपाटातली कानबाई

साल एकोणीसशे त्र्याण्णव. मला साठावं लागलं होतं आणि धाकटी मुलगी जळगावला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मी चौथीत शाळा सोडली, ती पंधरावीला पोचली. गावात मान वर करून चालायला तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी तिच्या वर्गाला नवा पेपर लावला. आपल्या मुलखाची संस्कृती आणि इतिहास. सक्तीचा. बाकी सगळ्यात पास झालं आणि यात नापास, तर पदवी नाही. खरं सांगतो, ऐकून मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी शिकल्यासवरल्यांना आमची आठवण झाली.

शिमगा जवळ आला असेल तेव्हा ती सुट्टीला घरी आली. जेवताना हळूच म्हणाली, "नाना, आपला कानबाईचा नारळ दोन दिवस द्याल का? प्रत्येकाने आपल्या घरची एक रीत करून दाखवायची आहे. बाहेरचे परीक्षक येणार आहेत."

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही नारळाला डोळे, नथ, लुगडं करून कानबाई बसवतो. रात्रभर बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. एका रात्रीची पाहुणी ती. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन गहू काढायचे, त्याच गव्हाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या हाती तुकडा जात नाही. आमचा नारळ आजोबांच्या हातचा. भाऊबंदात मी थोरला, म्हणून तो माझ्या घरी.

"फाल्गुनात कानबाई?" मी म्हटलं. "ती काय तुझ्या सरांकडे नोकरीला शे, हाक मारली की यायला?"

"मग मी नापास होऊ?"

"दुसरं काही दाखव. कळण्याची भाकरी थापून दाखव."

बायको हसली. मुलगी हसली नाही. "मग मी बाजारातून नारळ घेते," म्हणाली.

"घे ना. बाजारचा नारळ म्हणजे चटणीचा नारळ. त्याला मी कोण नाही म्हणणारा?"

असं मी म्हटलं आणि हात धुऊन उठलो. माझ्या हिशेबी विषय तिथे संपला होता.

परीक्षेच्या दिवशी मी जळगावला गेलो. घरात सांगितलं, ठिबकच्या नळ्या बघायच्या आहेत. नळ्या बघितल्याही, पण दुपारी पाय कॉलेजकडेच वळले. मोठ्या हॉलमध्ये मुलांनी आपापली मांडणी केली होती. कुणी फुंकून वाजवायची पावरी आणली होती, कुणी जुनी पगडी, कुणी बांबूची टोपली. प्रत्येकापुढे नाव लिहिलेला कागद. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. चटणीचा नारळ बघायला आलो होतो, मनात काही नव्हतं.

आमच्या पोरीने चौरंग मांडला होता. नारळाला काजळाचे डोळे, पिवळं लुगडं, नथ. पुढे सूप, सुपात गहू. बाकीची मुलं बोलून दाखवत होती, की असं असं करतात. ही बोलली नाही. हिने करूनच दाखवलं. डोक्यावर पदर घेतला, मूठ भरली आणि नाव घेतलं. पहिलं माझं. मग माझ्या भावांची, मग पुतण्यांची, वयाच्या क्रमाने. सुरतेला निघून गेलेल्या आणि पत्र न पाठवणाऱ्या मधल्या भावाचंही घेतलं. लहानपणापासून माझ्या शेजारी बसून बघत आली होती, एक नाव चुकली नाही.

मग तेच गहू छोट्या जात्यावर दळून तिने शेगडीवर रोट भाजले, आणि दारात मला उमगलं. नावं घेतली म्हणजे ते गहू आमचे झाले. गहू आमचे, तर रोट आमचे, आणि पुढ्यात बसली ती कानबाई आमचीच. नारळ कुठून आणला याला मग काय अर्थ? तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. घरी कुणाला सांगायची वेळच कधी आली नव्हती.

झाडूवाली मावशी पुढे आली आणि चौरंगाला डोकं टेकवून काहीतरी मागून गेली. मग परीक्षकांनी रोटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "छान! थोडं तूप असतं तर!" म्हणाले. सगळे हसले. मी डोळे मिटले.

गर्दी पांगल्यावर मी पुढे गेलो. तिचे सर तरुण होते, धुळ्याचे. स्वभावाने वाईट नव्हते, हेही सांगतो. मला खुर्ची दिली.

"नाना, पोरीने नाव काढलं तुमचं."

"ते ऐकलं मी. साहेब, उद्या सकाळी हिला नदीवर न्यावं लागेल."

"कुणाला?"

"हिला."

त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते समजुतीने बोलले. "अहो, हे सगळं आता आपल्या संग्रहात राहणार. पेपर सक्तीचा आहे, दरवर्षी मुलं येणार. त्यांना दाखवायला नको का?"

"पण ती एका रात्रीचीच असते, साहेब."

"बरोबर! तो मुद्दा तिने लिहिलाय. त्याचे मार्क मिळतील तिला."

मी सोसायटीच्या चेअरमनला भर सभेत खाली बसवलेला माणूस. तलाठ्याशी वाकडं घेतलं, मामलेदाराच्या दारात दोन दिवस बसून राहिलो, पण माझं म्हणणं सोडलं नाही. त्या सगळ्यांनी मला नाही तरी म्हटलं होतं. हा माणूस तर म्हणत होता, तुमचं बरोबर आहे.

"मी दुसरा नारळ आणून देतो," म्हटलं. "तसाच सजवून देतो."

"मग तो खरा नसेल ना, नाना."

मी उठलो. आवाज चढणार होता, पण पोरीने मागून बाही धरली. कानाशी म्हणाली, "नाना, तुमना पाय पडस. आते काही बोलू नका. मार्क अजून बाकी शेत." तिच्या हाताला गव्हाचं पीठ होतं. पंधरा वर्षं ती शिकली होती आणि शेवटचा कागद या माणसाच्या हाती होता. मी बसलो. त्यांनी चहा मागवला, तो प्यालो. समोर शिपायाने कानबाई उचलली, काचेच्या कपाटात पगडी आणि टोपलीच्या मधे ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली सरांच्या खिशात गेली.

त्या रात्री डाळमिलमध्ये कामाला असलेल्या भाच्याकडे मुक्काम केला. तो म्हणाला, "मामा, गिरणेला तरी पाणी कुठे शे आता? नुसती वाळू." मी म्हटलं, वाळूत झिरा काढला असता मी, ओंजळभर पाणी निघालं असतं. तिला तेवढं पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी पुन्हा कॉलेजात गेलो. सर पहिल्या गाडीने धुळ्याला गेले होते, किल्ली त्यांच्याबरोबर. हॉल झाडायला उघडा होता. काचेतून ती दिसत होती, नथ एका बाजूला कलली होती. मी कपाटाला दोन्ही हात लावले.

"काय करी ऱ्हायनात नाना?" शिपाई धावत आला. "काच फुटनी ते मनी नोकरी जाई!"

"काच नाही फोडत. दुसऱ्या बाजूने धर."

देव पोचवताना आधी बसल्या जागेवरून जरा हलवतात, मग उचलतात. हलवला म्हणजे त्याला कळतं, की आता निघायचं. मला तिला हात लावता येत नव्हता. मी खांदा कपाटालाच लावला. शिपाई बडबडत होता, पण त्याने धरलं. लोखंडी कपाट होतं, आत कुठल्या कुठल्या गावचं सामान भरलेलं. दोघांनी जोर लावला तेव्हा चार बोटं सरकलं. फरशीवर पांढरा ओरखडा उठला.

"झालं का?" शिपायाने विचारलं.

मी हात जोडले, टोपी घातली आणि स्टँडवर जाऊन गावाकडची पारोळ्याची गाडी धरली.