एडनाचा टाका

हॉरेस टॅप्सेलइतका हट्टी माणूस अख्ख्या लंडनात सापडायचा नाही. त्याच्या त्या हट्टावर मी अजून चिडते.

वकिलांच्या जुन्या ग्रंथालयात तो पुस्तकं दुरुस्त करायचा, मी फरशा पुसायचे. तीनशे वर्षांपूर्वीच्या खटल्यांचे निवाडे, तेही जुन्या वकिली फ्रेंचमध्ये. कुत्रं विचारत नव्हतं त्यांना. हॉरेस आणि त्याची बायको एडना मात्र त्यांना पोटच्या पोरांसारखं जपायची. मरायच्या आदल्या महिन्यात एडनाने त्यातला एक खंड नव्याने बांधला आणि त्याला बजावलं, "पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदाखाली तुझ्यासाठी दोन ओळी लिहिल्यात. पुस्तक पुन्हा दुरुस्तीला आलं की वाच. आधी हात लावशील तर याद राख!"

धडधाकट बांधणी उघडायची नाही, हा त्यांच्या कामाचा नेम. अकरा वर्षं तो रोज तो खंड काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा.

"अरे मेल्या, उघड की एकदाचा!" मी ओरडायचे.

"डोरीन, एडनाचं काम आहे ते. शंभर वर्षं हलायचं नाही." वर हसायचा!

मग तो न्यूमोनियाने महिनाभर इस्पितळात पडला. तेवढ्यात ग्रंथालयाच्या कमिटीने जादा प्रती विकायला काढल्या. खोकी मीच बांधली हो! मला सगळी पुस्तकं पाठीकडून सारखीच दिसतात; एडनाचा खंडही त्यातच गेला. माझे हात कसे झडले नाहीत?

परत आल्यावर रिकामी फळी बघून तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

खोकी कुणी विकत घेतली ते शोधत शोधत आम्ही एका नव्या पबमध्ये पोचलो. सजावटीला भिंतभर जुनी पुस्तकं होती. एका पाठीच्या वरच्या टोकाला एडनाने हाताने टाके घालून शिवलेली हिरवी-पिवळी रेशमी पट्टी हॉरेसने लांबूनच ओळखली, धावत जाऊन खंड ओढला. तो निघेना. नुसत्या पाठी कापून फळीवर डकवल्या होत्या.

"बाकीचं कुठंय?" मी विचारलं.

"बाकीचं? जाळलं," मालक म्हणाला. "आत काय, कागदच होते."

हॉरेसने त्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"बघ डोरीन, तिचा एकही टाका सुटला नाही," तो म्हणाला, आणि भर दुपारी, बिअर पिणाऱ्या लोकांसमोर हमसून हमसून रडला.