वहिनीचं नाव गाऱ्हाण्यात

खूप जणांचे फोन येतायत, म्हणून इथेच सांगते. केस संपली.

वहिनीने आई, बाबा, दादा आणि मी, अशा चौघांवर हुंड्यासाठी छळ केल्याची तक्रार केली होती. माझं सासर सावंतवाडीचं. माहेरी मी सणावारीच जायचे, तरी माझंही नाव होतं. आरोपांना काहीच पुरावा नाही म्हणून आज कोर्टाने आम्हाला सोडलं.

वकिलांनी अभिनंदन केलं. मला काहीच वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये.

जामसंड्याला घरी आलो. बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. नेहमीच्या सवयीने घरातल्या एकेकाचं नाव घेत गेले. "माझ्या संतोषाक, सुनेक सुप्रियाक, सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

आम्हीही सवयीने एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

मग कळलं. सुप्रिया म्हणजे तीच वहिनी. नारळ फोडायला घेतलेला कोयता दादाच्या हातात तसाच राहिला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "चुकलंय काय गो मी?"

तुम्ही काय सांगितलं असतं?