झटकलेलं पोतं

महाडच्या बाजारात आमच्या ग्राहक सोसायटीचं दुकान नवीन निघालं, तेव्हा तिथे माप घालणारा तो माणूस मला आवडत नसे. दर मापाआधी तो रिकामा तराजू उचलून गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरायचा. "बघितलंत?" हो म्हटल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. पोतं संपलं की सगळ्यांदेखत उलटं करून झटकायचा. मला चीड यायची.

त्या दिवाळीला साखर कुठेच मिळत नव्हती. आमची रांग रस्त्यावर आली होती. एकच पोतं उघडलेलं बघून नाते गावची एक बाई ओरडली, "आत आजून पोती हायत! सोयऱ्यांना ठेवलीस!" माणसं रेटायला लागली. कुणीतरी दगड उचलला.

माप घालणारा बाहेर आला आणि कोठीची किल्ली त्याने त्या बाईच्या हातात ठेवली.

"तू सभासद हायस ना? मग दुकान तुजंच हाय. कोठी बघ, आन् तूच वाट गो."

मग तो रांगेच्या शेवटी, माझ्या मागे येऊन उभा राहिला.

कोठी रिकामी निघाली. बाई तराजूपाशी बसली. तिचीच जाऊ पुढे आली आणि कुजबुजली, "वाईच जास्त घाल." बाईचा हात थांबला. सगळी रांग त्या हाताकडे बघत होती. तिने रिकामा तराजू उचलून जावेच्या तोंडासमोर धरला.

माझं माप झालं आणि साखर संपली.

"संपली," ती त्याला म्हणाली. तिची मान खाली होती.

"पोतं झटक," तो म्हणाला. "मी पण सभासद हाय."