दवॉतीनवरचा जुना क्रॉस

सिंगापूरच्या बुकित तिमाहमधल्या आमच्या कॉन्डोत समोर राहणारे मरीन इंजिनिअर बोटीवरून परतले, की दुसऱ्या महायुद्धातल्या एकाच फ्रेंच लढाऊ विमानाचं मॉडेल रंगवत बसतात. नाकावर पंखा असलेलं दवॉतीन. आधी त्यावर फ्रेंच हवाई दलाची तिरंगी वर्तुळं होती, मागच्या सुट्टीत जर्मन क्रॉस आले, यंदा पुन्हा वर्तुळं.

"एकदा काय ते ठरवा की," मी म्हटलं.

"कसंय, फ्रान्स पडल्यावर पुढे जर्मनांनी ही विमानं बळकावली. शेवटी फ्रेंचांनी परत मिळवली आणि जर्मनांवरच सोडली."

वर्तुळाखालून क्रॉस अजून दिसत होता. "हा खरवडायचा राहिला वाटतं?"

"मुद्दाम ठेवलाय. कसंय, कंपनीने दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या बोटीवर चढताना मी आधी रंगाखालचं जुनं नाव वाचतो. वरचं नाव बदललं, तरी आतलं इंजिन त्याच जुन्या नावाचं असतं."