पाण्यात बोट

हॉलमधल्या सहा फुटी फिशटँकचा सगळा कारभार कंट्रोलर बघतो. दिवे, हीटर, माशांचं खाणं, सगळं वेळेवर. तरी बायको रोज सकाळी चहाआधी पाण्यात बोट बुडवतेच. परवा म्हणाली, "अहो, पाणी गरम लागतंय." मी स्क्रीन दाखवली. "बावीस! उलट गार आहे, म्हणून तर हीटर चालू आहे."

"मग मासे वर येऊन तोंडं का उघडतायत?"

पाण्याची पातळी उतरली होती. कंट्रोलरचा सेन्सर पाण्याबाहेर लोंबकळत, थंडीतल्या हवेचं तापमान इमानदारीने सांगत होता. खोटं बोलला नव्हता. आपणही कितीदा असेच काठावर लोंबकळत आतलं ठामपणे सांगत असतो!

टाकी भरली, सेन्सर बुडवला. कंट्रोलरवरचा माझा भरवसा कायम आहे. फक्त चहाआधी आता पाण्यात दोघांची बोटं असतात.